जोडीचा योक, वापरलेला

अंबड लिंक रोडला प्लास्टिकच्या ड्रमांची रांग संपते
तिथे निसार कोकणींचं गोदाम.
शटर अर्धंच उघडतं. वाकून शिरायचं,
आणि आत सरळ उभं राहताना पंखा सांभाळायचा.

"बघा जाचकमामा," म्हणाले, आणि गोणपाटावर
एकेक मांडत गेले:
योक, त्याची लांब नळी, साखळी,
दोन दाते झिजलेलं चक्र,
पायाची पेडलं, एकाचं रबर गायब,
आणि दुधाच्या पिशवीत गाठ मारलेले बोल्ट.

बोल्ट आणि चक्र मी तिथेच परत केलं.
दुसऱ्याचे बोल्ट विमानात घालत नाहीत,
दुसऱ्याची गोळी आपण घेतो का?

डॉक्टर गायधनींचं विमान लहान.
डावीकडे योक, उजवीकडे त्या जागी
पत्र्याची चकती, चार स्क्रू.
डॉक्टर सगळ्यांना सांगतात, पुतणीला शिकवायचंय.
पुतणी बंगलोरला असते,
तिला घाटात एसटीतसुद्धा उलटी होते.

मेडिकलचा कागद मी पाहिलाय.
लॉगबुकात चुकून राहिला होता.
यापुढे शेजारी दुसरा वैमानिक हवा,
आणि त्याच्याही हाताशी योक.
कागद होता तसाच घडी घालून ठेवला.
चौतीस वर्षं ओझरला तपासणीत काढली.
भेग दिसली की लगेच बोंब मारायची नाही,
आधी खडूने खूण करायची.

योक शटरखालच्या उजेडात नेला.
योक म्हणजे जू, मी एकदा डिक्शनरीत बघितलंय.
निसारभाई म्हणाले, मग बैल कोण?
मी म्हटलं, ज्याला उतरायचंय तो.

वरचा काळा रंग शाबूत होता.
खालच्या अंगाला मात्र
दोन बोटांची जागा घासून चकाकलेली.
दोनच बोटांची.
कुठला माल, हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं:
शिकवणाऱ्याच्या बाजूचा.
शिकणारा मूठ आवळतो, नखं रुतवतो.
शिकवणारा खालून दोन बोटं लावून बसतो,
बाहेर बघत, कांद्याच्या भावाबद्दल बोलत,
आणि बोटं हलत नाहीत
हलवायची वेळ येईपर्यंत.

ईदगाह मैदानावर मी पोराला सायकल शिकवली.
लोक सांगतात, हळूच सीट सोडून दिली.
मला सोडता आली नाही.
तो पडला तेव्हा मीही पडलो,
त्याच्याच अंगावर.

"कागद?" मी विचारलं.
कागदाशिवाय हे दिवाणखान्यात टांगायचं शिंग.
बिस्किटाच्या डब्यातून पिवळी चिठ्ठी निघाली.
नंबर जुळला, शेवटचा आकडा सोडून.
चिठ्ठीवर आठ, नळीवर तीन.
रॉकेलच्या बोळ्याने घासलं, घासलं,
तिनाच्या डाव्या पोटातून मळ निघाला
आणि आठ झाला.
निसारभाईंनी पंचेचाळीस हजार सांगितले होते.
एकतीसला तुटलं. रबराचं मी बोललोच नाही,
ते पुढच्या वेळच्या घासाघिशीला.

घरी बाल्कनीत लाल रंग लावला,
पुसला, पांढरी पावडर मारली,
रात्रभर थांबलो.
भेग असती तर पहाटे लाल केस दिसला असता.
पावडर पांढरीच राहिली.
बायको म्हणाली, रांगोळीची पातेली परत कधी मिळणार?

शनिवारी सिन्नरच्या पुढच्या शेडमध्ये बसवला.
चार स्क्रू काढले, चकती खिशात टाकली.
नवं चक्र, नवे बोल्ट, तार पिळून सील.
मग डाव्या सीटवर बसून
योक हळूच डावीकडे फिरवला.
उजवीकडचाही फिरला.
मागे ओढला, तोही मागे आला,
रिकाम्या सीटच्या छातीपर्यंत.
पंखाच्या टोकाला पत्रा वर उचलला, खाली गेला.
चार वेळा केलं. दोनदा पुरलं असतं.

डॉक्टर दारात उभे होते, चष्मा पुसत.
"पुतणी खूश होईल," म्हणाले.
"होईल की," मी म्हटलं,
आणि ग्रीसच्या डब्याला झाकण लावलं.