कुलूप

बाबा साडेबाराच्या गाडीनं गेले,
म्हणजे जातो म्हणाले, आणि गेटबाहेर
उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी बराच वेळ उभे राहिले.
खिडकीतून मला त्यांची फक्त टोपी दिसत होती
आणि इकडे हेरवाडकर बाई विचारत होत्या,
रंकाळ्यात पाणी किती असेल? बादल्यांत सांगा.
पुस्तक नाही, मोबाईल नाही. अंदाज करा.

चाळीस पोरं. चाळीसही आपापल्या शाळेत पहिली.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.
एकानं तळ्याची खोली धरली, एकीनं घेर,
कुणी बाष्पीभवन म्हणालं, मे महिना आहे म्हणून.
मी वहीत आमच्या विहिरीवरची बादली काढली,
बादलीला कडी काढली, कडीला दोर,
आणि वर बघितलं तर टोपी नव्हती.

संध्याकाळी खोली नंबर सात.
पद्मजा मगदूम दिवस मावळायच्या आत जेवून आलेली.
ऋतुजा साळोखे इथलीच, मंगळवार पेठेतली,
घर वीस मिनिटांवर, तरी तिचेच डोळे सुजलेले,
"काय न्हाई गं, धूळ गेली," म्हणत
फुटबॉलच्या मॅचचं सांगत सुटली.
मुबीना मोमीन, इचलकरंजीची,
गादीवर बोटांनी काहीतरी मोजत बसलेली.
आणि मी, सुलक्षणा गावडे, चंदगडकडची,
माझ्याच ट्रंकेसमोर मांडी घालून.
किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून
तिकिटासोबत निघून गेली होती.

तेवढ्यात रेक्टर मॅडमच्या फोनवर ते.
मागं गडहिंग्लज स्टँडचा कर्णा.
"काय गे, किल्ली ऱ्हायली की खिशात. उलट्या गाडीनं येतो."
मी म्हटलं, "नको. उघडलं."
"कसं?"
"उघडलं," म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या."
पंधरा वर्षांत मी त्यांना जेवा म्हटलं नव्हतं.
ते वाक्य आईचं.
माझ्या तोंडात कसं आलं, कोण जाणे.

कुलूप अर्थातच तसंच होतं.
मग केसांची पिन झाली.
पद्मजानं कर्कटकाची तरफ केली, कर्कटक वाकलं.
ऋतुजानं नुसत्या शिव्या वापरून पाहिल्या, पेठेतल्या, अस्सल.
मुबीना कान लावून म्हणाली, आत तीन खटके आहेत,
मधला अडलाय.
शेजारच्या खोलीतल्या दोघी
येऊन भिंतीला टेकून नुसत्या चर्चा करत होत्या.
शेवटी स्वयंपाकघरातनं आक्काताई आल्या,
मनगटापर्यंत भाकरीचं पीठ,
"सरा गं, शान्यांनो," म्हणाल्या,
आणि वरवंटा. एकदाच.

आत, सगळ्यात वर, आईनं काजूची दोन बोंडं ठेवलेली.
ती चेंगरून नव्या ड्रेसवर रस उतरला होता.
बोंडाचा डाग कशानंच जात नाही,
आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा माहीत.
आईला माहीत नसेल?
उरलेलं बोंड आम्ही चौघींनी मीठ लावून खाल्लं
आणि घसा धरून खोकत बसलो.

दहाला दिवे गेले. मुबीनाला झोप येईना.
"इथं माग नाहीत ना," म्हणाली.
"आमच्यात रात्री माग थांबला
की घरातले सगळे दचकून उठतात."
टाकाळ्याच्या चढाला केएमटीची शेवटची बस
घसा खरवडत गेली, नंतर काहीच नाही.
मी उशीखालून ते फुटकं कुलूप काढलं,
सैल कडी बोटात अडकवली
आणि कॉटच्या लोखंडावर हळू वाजवत राहिले.
खटक. खटक.
"थोडं जलद," अंधारातनं ती म्हणाली.
"धोटा मिनिटाला दीडशे वेळा जातो."
दीडशे भागिले साठ. सेकंदाला अडीच.
अर्धा ठोका कसा वाजवायचा
याचा मी विचार करत होते,
तर पलीकडून ऋतुजा, "ए, झोपा की गं आता,"
आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

धूळ असणार.