चाळीस सेकंद

लाक्लननं इन्व्हरनेसला शिकवलं, तासाचे चाळीस पौंड घेऊन:
चेंडूच्या मागे उभा राहा.
हातभर पुढची एक खूण निवड,
सुकलं पातं, मेंढीची लेंडी, काहीही चालेल.
काठी दोनदा नुसती हवेत फिरव.
श्वास सोड. बघ. परत बघ.
मग मार.

हिवाळाभर गॅरेजात हेच केलं,
गाडी बाहेर बर्फात, मी जुन्या गालिच्यावर.
बायको दारातून म्हणाली, चेंडू कुठाय?
म्हटलं, चेंडूचं नंतर बघू.

आणि फरक पडला, नाही असं नाही.
बावीसचा हँडिकॅप सतरावर आला.
सहाव्या होलपुढचा ओढा,
ज्यात माझी निम्मी पेन्शन वाहून गेलीय,
उन्हाळाभरात दोनच चेंडू गिळू शकला.

फक्त रुअरी,
जो टपालाची व्हॅन चालवतो
आणि कुत्रा सुटायच्या आत फाटक ओढून घेतो,
माझी पाळी आली की पाठ फिरवून
समुद्राकडे बघायला लागला.
एकदा म्हणाला, तुझं नमन होईतो
त्या पाणकावळ्यानं तीन मासे खाल्ले.

घरी येऊन पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
चाळीस सेकंद गुणिले नव्वद फटके.
बरोबर एक तास.
इतका बरोबर की मी पुन्हा गुणून पाहिलं.

आमच्या मागे दर बुधवारी इसबेल गन असते.
वय एक्याऐंशी, काठ्या पाच.
पूर्वीची सुईण;
माझ्या दोन्ही पोरांना तिनंच उलटं धरून रडवलं.
पिशवी टेकवते, मारते, पिशवी उचलते,
आणि चेंडू अजून वरच असतो.

ऑक्टोबरातला तो बुधवार,
येत्या रविवारी घड्याळं मागे व्हायची होती.
सरकार सगळ्यांना एक तास परत देणार,
आणि इसबेलचा तास माझ्याकडे.

चौदाव्यावर ती दगडावर बसलेली दिसली.
हात केला, तुम्ही व्हा पुढे.
ती आली, पण पुढे गेली नाही.
म्हणाली, ह्यू तुझ्याहून वाईट होता.
बोट ओलं करून वारा बघायचा, मग दुसरं बोट.
एकेचाळीस वर्षं मी त्याच्या मागे उभी होते.
विणकाम आणायचे सोबत.
आता मागे उभं राहायला कुणी नाही,
म्हणून लवकर होतं.

मी काहीच बोललो नाही. रुअरीही नाही.
मग तिनंच काठीनं माझ्या बुटाला टोचलं:
विचार कर ना, कोण नको म्हणतंय?
पण चालता चालता कर.
बाळाचं डोकं दिसल्यावर कुणी हात धुवायला जातं का?
मी सायकलवरच ठरवायचे
आत शिरल्यावर कुणाला बाहेर काढायचं.

पंधराव्यापासून तिघं मिळून खेळलो.
रुअरी मारत असताना मी वारा बघितला.
खूण चालतानाच शोधून ठेवली.
हातमोजा काढलाच नाही, म्हणजे घालायचा प्रश्न मिटला.
दोनदाचं एकदा केलं.
श्वास मात्र ठेवला;
तेवढा एक मला माझ्यासाठी हवा होता.

सोळाव्यावर ओढ्यानं बाकी वसूल केली.
सतराव्यावर दोन गाई तारेपलीकडून
मान न हलवता बघत राहिल्या,
त्यांना कसलीच घाई नव्हती.

अठराव्याला झेंडा दिसेनासा झाला होता.
मारला, एवढं कळलं.
चेंडू कुठे गेला ते अंधारालाच ठाऊक.
इसबेल म्हणाली, डावीकडे, तारेच्या अलीकडे.
दिसला तुम्हाला?
छे. ऐकला.

होता तिथेच.

तीन तास वीस मिनिटं. त्र्याण्णव फटके.
रुअरीनं व्हॅनच्या दिव्यात कार्डावर सही केली
आणि पहिल्यांदाच विचारलं, पुढच्या बुधवारी किती वाजता?

लाक्लनला अजून काही सांगितलेलं नाही.