पुरे

आर्दबीलमध्ये सकाळी सहाला अजून अंधार असतो.
तारलान खानुम उपाशीपोटी बाही वर करते,
शीर सापडत नाही म्हणून माझीच माफी मागते.
इस्पितळाच्या मुदपाकखान्यात वीस वर्षं
तिने दुसऱ्यांची ताटं वाढली.

डॉक्टर सांगतात, चरबी मुकी नसते.
लेप्टिनच्या आवाजात ती मेंदूला म्हणते: पुरे.
पण घरातलंच माणूस रोज ओरडत राहिलं
की त्याचं बोलणं कानांवरून जातं, तसं झालंय.
मी मान डोलावते, नळीवर नंबर घालते: सतरा.

बारा आठवडे ती शोराबील तळ्याला फेऱ्या घालते.
चादोर सावरत, मुलाच्या बुटांत,
सबलानवरून येणारा वारा तोंडावर घेत.
पहिल्या महिन्यात बदकंसुद्धा पुढे जायची,
तीच सांगते.

शेवटी काटा जेमतेम दीड किलो हलला.
उतरताना ती काही बोलली नाही.

कागद मात्र माझ्या हातात होता:
लेप्टिन उतरलेलं,
अ‍ॅडिपोनेक्टिन, ते अबोल, कामसू, थोडं चढलेलं.
सांगायचं कसं? म्हटलं, खानुम,
आत कुणीतरी आवाज खाली आणलाय.

तिने पिशवीतून काळा हलवा काढला,
रक्त दिल्यावर खायला आणलेला.
अर्धा खाल्ला. थांबली.
उरलेल्याकडे बघत राहिली,
कुणी नावाने हाक मारावी
आणि कुठून ते कळू नये, तशी.

मग कागदात गुंडाळून
माझ्याकडे सरकवला.
"तू खा. पहाटेपासून उभी आहेस."