घाम

अथेन्सच्या या चॅनेलवर सव्वीस वर्षं
मी लोकांच्या कपाळाला पावडर लावते आहे.
मंत्री, माजी मंत्री, होऊ घातलेले मंत्री.
आरशासमोर सगळ्यांची कपाळं सारखीच.

पूर्वी गुरुवारी रात्री दोनच खुर्च्या असायच्या.
एकीत थ्रासोस, दुसरीत पाहुणा.
थ्रासोस विचारायचा
आणि थांबायचा.
ते थांबणं हेच काय ते त्याचं कसब.
एकदा अर्थखात्याचा एक माणूस
अकरा सेकंद गप्प राहिला.
जाहिराती लागल्या तशी मी स्पंज घेऊन धावले,
तर पावडर त्याच्या कॉलरवर उतरलेली,
भिजल्या पिठासारखी.
दुसऱ्या दिवशी आमचा बेकरीवाला
गिऱ्हाइकांना ते अकरा सेकंद
बोटांवर मोजून दाखवत होता.

आता पडद्यावर आठ चौकटी.
आठही एकदम सुरू,
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
गुऱ्हाळ चालू आहे, चरकात नुसती चिपाडं.
निम्मे तर घरूनच बोलतात,
माझ्या रिकाम्या खुर्च्यांवर आता कोट टांगलेले असतात.
जे येतात ते इथे एकच कुलूरी मोडून दोघांत खातात,
मुलींच्या फियांचं बोलतात,
'आज तू मला गद्दार म्हण, मी उठून जातो'
असं ठरवतात,
आत जाऊन टेबल बडवतात.
परततात तेव्हा पावडर जशीच्या तशी.
कुणालाच घाम फुटत नाही.

माझी बहीण स्तामातिया त्या वेळेला
स्वयंपाकाची स्पर्धा लावते.
म्हणते, तिथे निदान काहीतरी शिजतं.

परवा आठव्या चौकटीसाठी एक नर्स आणली,
एवान्थिया, कुठल्याशा लहान बेटावरची.
रात्रभर बोटीत बसून आलेली,
पर्समध्ये परतीचं तिकीट, दोनदा तपासलेलं.
तिला चाळीस सेकंद मिळाले.
त्यातले तीसेक इतरांनी खाल्ले.
बाहेर आली ती चिंब,
पावडरीचे ओघळ हनुवटीपर्यंत.
आरशातूनच तिने मला विचारलं,
'मी बोलले का हो काही?'

आतून थ्रासोसचा आवाज येत होता,
सगळ्यांच्या वर चढलेला.
मी दार लोटलं.
कापूस बाजूला ठेवला.
विचारलं, 'तुमच्याकडे डॉक्टर कधीपासून नाही?'
आणि थांबले.