मुनाफचा इतिहास

हर्णै बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
सोसायटीचा सर्व्हर थर्माकोलच्या खोक्यावर ठेवलाय.
खोक्याला अजून सुरमईचा वास येतो.
मुनाफ सोलकर कतारला गेला तेव्हा एवढंच म्हणाला,
पासवर्ड कॅलेंडरच्या मागे आहे,
बाकीचं मशीनला विचारा, चोगलेबाई.

विचारलं.
हिस्टरी असं लिहून एंटर दाबलं.

दोन हजार ओळी.
प्रत्येकीशेजारी तारीख नि वेळ,
ही सोय त्याने स्वतःच करून ठेवलेली.
कुणाची डायरी उघडावी तसं नव्हतं ते,
डायरीत माणूस थोडा सजून बसतो.
इथे चुकलेलं स्पेलिंगसुद्धा तसंच,
एलएस लिहायचं तिथे एसएल, सतरा वेळा.

पहाटे तीन चाळीस. तो ग्रेप करतोय,
लिलावाच्या नोंदींत पापलेट शोधतोय.
तीन कारकुनांनी तीन तऱ्हेने लिहिलेलं:
पापलेट, पॉपलेट, पाप्लेट.
तीनदा शोधून कंटाळला असणार.
मग नुसता प, पुढे ठिंब आणि तारा, मग लेट.
मधे काहीही असो.
सगळी पापलेटं एका फेकीत जाळ्यात आली,
सोबत कारखान्याच्या दोन लोखंडी प्लेटाही.
त्या त्याने पुढच्या ओळीत, उणे व्ही लावून,
परत पाण्यात सोडल्या.

दिवसातून पाच-सहा वेळा सीडी आणि एक आडवी रेघ.
म्हणजे जिथून आलास तिथे परत.
मला हे ठाऊक नव्हतं.
बारा वर्षं पुण्यात नोकरी केली
आणि दरवेळी अख्खा रस्ता टाइप करत परतले.

गुरुवारी होड्या लवकर लागल्या.
साडेतीनलाच खालून दोरकुळकरांची हाक:
ओ बाई, पावती निघत नाय!
डिस्क भरलेली. शंभर टक्के.
डीयू लावलं, पुढे पाइप, पुढे सॉर्ट,
तळाला एकच फाइल: लॉग, अडतीस जीबी.
बोटं आरएमवर गेली होती.
खाली बर्फ फुटत होता, बायका पाट्या घेऊन उभ्या,
आणि कोळंबी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

काय वाटलं कोण जाणे,
कंट्रोल आर दाबून लॉग लिहिलं.
मागच्या नोव्हेंबरातली त्याची ओळ वर आली.
आरएम. हीच फाइल.
त्याखाली डीएफ. डीएफ. पुन्हा डीएफ.
अकरा मिनिटांत नऊ वेळा डीएफ,
जागा काही सुटत नाही,
कारण प्रोग्राम ती पुसलेली फाइल हातात घट्ट धरून बसलेला.
त्या दिवसाचा लिलाव वहीवर झाला, हे गावाला माहीत आहे.
संध्याकाळी सात वाजता एक ओळ, सुरुवातीला हॅश,
म्हणजे यंत्रासाठी नाही, माणसासाठी:
चालू लॉग पुसू नको. पाटी फेकायची नाय, उपडी करायची.
आणि खाली, बाणाचं एक टोक, पुढे फाइलचं नाव.
बस.

मी तेच टोक टाकलं. डिस्क एकोणचाळीस टक्के.
खाली प्रिंटर खरखरला,
दोरकुळकर काही बोलले नाहीत,
नंतर वर दोन बांगडे आले, कागदात.

रात्री त्याची सेटिंगची फाइल वाचत बसले.
तिथे कळलं:
ओळीच्या आधी एक मोकळी जागा सोडली
तर ती ओळ इतिहासात उतरत नाही.
म्हणजे दोन हजार ओळींच्या मधे
आणखी किती होत्या, ते आता मशीनलाही विचारता येणार नाही.
शेवटची ओळ जाण्याच्या आदल्या रात्रीची, दोन दहा: क्लिअर.
तिच्याआधी चाळीस मिनिटं काहीच नाही.

मी स्पेसबार दाबला, एकदाच.
मग लिहिलं.