बाकी

सावद्याच्या शाळेत, मार्चातच पत्रे तापलेले,
भंगाळे सरांनी फळ्यावर लिहिलं:
उणे सतरा भागिले बारा.

मी ऐटीत उठले.
भागाकार उणे एक, बाकी उणे पाच.

सर खडू बोटांत फिरवत राहिले.
"बाकी म्हंजे काय वं, नजमा?"
"उरतं ते."
"मंग उरेल गोष्ट उणी कशी ऱ्हाईन?
जाय, बापाले इचार. तो रोज करते हे गणित."

बापाने उणे चिन्ह कधी लिहिलं नव्हतं.
केळीच्या शेडवर तो नग मोजायचा,
तुरटीच्या पाण्यानं बोटं पांढरी पडलेली,
कानामागे पेन्सिलीचं थोटूक.
नेमकी त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला
सतरा केळी कमी गेली होती
आणि तो माणूस दारातच उभा होता, घाम पुसत.

बापाने डझनाचं एक खोकं फोडलं.
बारा दिली. पाच अजून देणं.
मी मनात म्हटलं, हीच माझी बाकी,
इथे थांबायला काय हरकत आहे?
माणूस हलला नाही.
बापाने दुसरं खोकं फोडलं, पाच काढून दिली,
आत डोकावला
आणि वर न बघताच म्हणाला,
"सात ऱ्हायली."

दोन खोकी गेली, सात हातात.
उणे चोवीस, अधिक सात.
मी वहीत तीनदा ताळा केला.

आता हिंजवडीत माझ्यासमोरचं यंत्र
कधी उणे पाच सांगतं,
भाषा बदलली की सात सांगतं.
शेजारचा म्हणतो, दोन्ही बरोबर, ज्याची त्याची रीत.
असेल.
पण मला पडद्यामागे तो माणूस दिसतो,
एकच डझन घेऊन ताटकळलेला,
आणि मी उणे पाचात बारा मिळवते.

ती सात केळी त्या रात्री घरी आली,
फुटलेल्या खोक्यातली विकायची कोणाला?
आम्ही भावंडं चार.
एकेक वाटून झालं, तीन उरली,
आईनं ती फळीवर ठेवली.

सकाळी फळीवर दोन होती.

सरांना विचारलं तर ते बराच वेळ हसले
आणि म्हणाले, हे सातवीच्या पुस्तकात नाही.