उशिराचं कारण

भुसावळ विभागात बत्तीस वर्षं गार्ड होतो.
शेवटच्या डब्यातून मी मुलूख पाहिला,
म्हणजे मागे मागे जाताना पाहिला.
अजूनही कुणी अंतर विचारलं
तर किलोमीटर तोंडात येत नाहीत, स्टेशनं येतात:
बोदवड, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव.

लेक हैदराबादला असते. रुळांनी जायचं तर
अकोल्याला वळा, मग हिंगोली, पूर्णा, नांदेड,
एक अख्खी रात्र, वर दिवसाचा तुकडा.
जावयानं विमानाचं तिकीट पाठवलं.
जळगावहून दीड तास.
दीड तास तर आमची मालगाडी
वरणगावबाहेर नुसती उभी असायची
आणि मी हातातला कंदील उगाच पुसत बसायचो.

यमुनेनं भर दुपारी परसात पऱ्हाट्या पेटवल्या.
बामणोदची वांगी, फिकट हिरवी, हातभर धुरात.
बडगीत ठेचून, कांद्याची पात, मिरची, तेल,
डबा टॉवेलात गुंडाळला, वर माझं जुनं मफलर.
"गरम हाये तवरच तिले देजा," म्हणाली.
तिच्या हिशोबात हैदराबाद एवढंच लांब होतं.

विमानतळावर यंत्रात डबा गोल आणि काळा दिसला.
पोरगा म्हणाला, "काका, हे पातळ आहे का?"
"नाही. भरीत आहे."
त्यानं झाकण उघडलं, वाकून वास घेतला,
पाळधीचा असावा. जरा जास्तच वेळ तपासलं.

सुटली १५.१०, वेळेवर.
पंख्याचं विमान. वाघूरचं पाणी ताटलीएवढं झालं,
केळीचे मळे, मग अजिंठ्याचा डोंगर
कुणीतरी उशीखाली दुमडून ठेवल्यासारखा.
एकही स्टेशन आलं नाही.
हिरवी झेंडी दाखवायला कुणी नव्हतं
आणि मांडीवर डबा चटका देत होता.
पोचली १६.३५. पाच मिनिटं अगोदर!

पुढे टॅक्सी.
पूल, पुलावर पूल, त्याखाली गाड्या, न हलणाऱ्या.
लेकीच्या इमारतीच्या फाटकात १८.५०.
तिचा फोन: "बाबा, मीटिंग लांबली, खाली बसा ना जरा."
जावई चेन्नईला.

वॉचमननं खुर्ची दिली. त्याला मराठी येत नव्हतं,
मला तेलुगू. दोघांनी मिळून रस्त्याकडे पाहिलं.
आठला डबा कोमट.
नऊला मी टॉवेलात हात घालून पाहणं सोडलं.
सवयीनं खिशातली डायरी काढली:
निर्धारित, प्रत्यक्ष, उशीर, कारण.
बत्तीस वर्षं मी हा शेवटचा रकाना भरला आहे.
म्हैस आडवी. साखळी ओढली. रुळावर पाणी.
आज लिहिलं: सिग्नल मिळाला नाही.

ती आली २१.४०ला, चपला हातात घेऊन.
पाया पडताना केसांना एसीचा वास.
वर गेल्यावर डबा त्या गरम करायच्या पेटीत ठेवला,
आकडे उलटे मोजत गेले, तीस, एकोणतीस...
आणि ओट्याशी उभ्यानंच खाऊ लागली,
भाकरी नाही, पोळी नाही, नुसतं बोटांनी.

तेवढ्यात यमुनेचा फोन.
"गरम होतं का गं?"
मी दाराकडे पाहत राहिलो.
पोरीनं भरल्या तोंडानं, ओठांवर तेल,
फुंकर मारत सांगितलं,
"आई, जीभ पोळली."